नवं मशीन आलं, जुन्या सीड्यांचं काय?

दिवाळीला पंधरा दिवस होते. भाचा इथल्या, कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानातून थेट आमच्याकडे आला, हातात जड कापडी पिशवी. "मामा, पीएस फाइव्ह घ्यायचं फिक्स झालंय. जुनं थ्री आणि फोर दोन्ही दुकानदार परत घेतोय, पैसे वळते करतो म्हणाला. जुन्या सीड्या नव्यावर सगळ्या चालत्यात म्हणे."

पीएस म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. त्यानं पिशवी टेबलावर रिकामी केली. मी त्यातून चार सीड्या निवडून ओळीनं मांडल्या. पहिली ताईची, म्हणजे त्याच्या आईची. ती पहिल्या प्लेस्टेशनची, खालची बाजू काळी, काकांनी दुबईहून आणलेली अस्सल. त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सीड्या कॉपी केलेल्या असायच्या, म्हणून ही एक ताईनं जिवापाड जपली. दुसरी पीएस टूची, माझी. तिसरी थ्रीची आणि चौथी फोरची, या दोन्ही भाच्याच्या.

त्याला म्हटलं, "नव्या मशीनवर या चौघींतली एकच चालेल, फोरची. आणि तुझ्या थ्रीवर ताईची सगळ्यात जुनी सीडी चालेल, पण माझी, तिच्यानंतरची, चालणार नाही."

"असं कसं मामा? जुनी चालतीया आणि तिच्या नंतरची न्हाई?"

प्रश्न रास्त आहे. कंपनी तीच, नाव तेच, सीडीचा आकारही तोच. मग मधलीच का अडते? हे एकदा नीट समजलं की कुठलं मशीन विकायचं आणि कुठलं ठेवायचं हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. म्हणून त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो.

सिनेमाची डीव्हीडी कुठल्याही कंपनीच्या प्लेअरमध्ये घाला, सिनेमा दिसतो. तिच्यात चित्रं आणि आवाज तयार भरलेले असतात, प्लेअरनं ते फक्त उलगडून दाखवायचे. गेमच्या सीडीचं तसं नाही. तिच्यात मुख्यतः हुकूम असतात. हा आकडा तिथून उचल, त्यात हा मिळव, इथं त्रिकोण काढ, त्यावर हा रंग चढव. असे सेकंदाला कोट्यवधी हुकूम मशीन पाळतं तेव्हा पडद्यावर गाडी वळते. आणि हे हुकूम एकाच जातीच्या प्रोसेसरला कळतील अशा बोलीत लिहिलेले असतात.

उद्यमनगरात ज्यांचं सीएनसी मशीन आहे त्यांना हे पटकन कळेल. एका कंट्रोलरसाठी केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरला तसाच दिला, तर मशीन अलार्म देऊन थांबतं किंवा जॉब बिघडतो. ड्रॉइंग तेच, धातू तोच, टूलही तेच, पण हुकुमाची बोली वेगळी.

शिवाय फक्त बोली जुळून भागत नाही, वेगही जुळावा लागतो. १९७८ सालच्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये वरून उतरणारे परग्रहवासी जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले जास्त वेगानं सरकतात. खेळाची सगळी रंगत त्यात आहे. पण मुळात हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. सगळे एकदम काढताना ते मशीन दमायचं, थोडे उरले की त्याचं काम हलकं व्हायचं आणि चाल वाढायची. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांना ते आवडलं, त्यांनी तसंच राहू दिलं. आता हाच प्रोग्रॅम काही काळजी न घेता वेगवान मशीनवर चालवला, तर सगळे पहिल्यापासूनच धावत सुटतील. म्हणजे नव्या मशीननं जुन्याचं बळच नव्हे, त्याचा थकवासुद्धा हुबेहूब उचलायचा असतो. या विषयातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

जुनं मशीन नव्याच्या पोटात

जुना गेम चालवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या मशीनचे मुख्य भागच नव्यात बसवणं. पीएस टू २००० साली आलं, तेव्हा सोनीनं पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर त्यात घातला होता. पण तो रिकामा बसवून ठेवला नव्हता. पीएस टूचा गेम चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड अशी वरकड कामं सांभाळायचा. जुनी सीडी घातली की आपला वेग ३६.९ मेगाहर्ट्झवरून ३३.९ वर आणायचा, म्हणजे बरोबर पहिल्या प्लेस्टेशनइतका, आणि मुख्य कामाला बसायचा. गुजरीतल्या पेढीवर जुने मुनीम असतात तसं. एरवी वहीखातं बघतील, पण जुनं गिऱ्हाईक आलं की गादीवर तेच बसतील.

अशी युक्ती इतरांनीही केली होती. निन्टेन्डोचं २००१ चं गेम बॉय ॲडव्हान्स १९८९ च्या गेम बॉयच्या कॅसेटी चालवायचं, ते त्यातल्या जुन्या धाटणीच्या प्रोसेसरच्या जोरावर.

पीएस थ्रीच्या बाबतीत सोनीनं हाच रस्ता धरला. २००६ च्या पहिल्या मॉडेलांत पीएस टूचे दोन्ही मुख्य चिप होते, हुकूम पाळणारा आणि चित्र काढणारा. पण हे मशीन आधीच महाग, त्यात हा जादा खर्च. २००७ च्या युरोपातल्या मॉडेलमधून पहिला चिप गेला आणि त्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. त्याच वर्षीच्या ४० जीबी मॉडेलमधून दुसराही गेला. तिथून पुढच्या मॉडेलांवर पीएस टूची सीडी चालत नाही. भाच्याकडचं थ्री नंतरचं, स्लिम. माझी सीडी अडते ती इथं.

मग ताईची कशी चालते? तिच्यासाठी कुठल्याच पीएस थ्रीत वेगळा चिप नाही. तिथं पहिल्या प्लेस्टेशनची नक्कल सॉफ्टवेअरनं केली जाते. ते मशीन होतंच एवढंसं. ३३.९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २ एमबी मेमरी. पीएस थ्रीचा प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे टिकटिक जवळपास ९५ पट. एवढं अंतर असलं की नक्कल आरामात जमते.

पीएस टूचं गणित निराळं. त्याच्या चित्र काढणाऱ्या चिपच्या आतच ४ एमबीची छोटी, पण अफाट वेगवान मेमरी होती. सेकंदाला ४८ गिगाबाइट तिच्यातून जा-ये करू शकत. सहा वर्षांनी आलेल्या पीएस थ्रीच्या ग्राफिक्स मेमरीचा हाच आकडा २२.४ आहे. म्हणजे या एका बाबतीत जुन्याचा रस्ता नव्यापेक्षा दुप्पट रुंद! आणि गेम करणाऱ्यांनी त्या रुंदीचा पुरेपूर फायदा घेतला होता. धूर, धुकं, पाण्यावरची चमक दाखवायला एकाच जागेवर पुन्हा पुन्हा रंगाचे थर चढवायचे. तेच काम अरुंद रस्त्यावरून करायला गेलं की गाडी रखडते. पुढे सोनीनं पीएस टूचे काही निवडक गेम पीएस थ्रीसाठी ऑनलाइन विकले, पण वाटेल ती सीडी घाला आणि खेळा, असं काही ते नव्हतं.

भाचा एवढा वेळ गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे नवं मशीन सगळ्यातच मोठं नसतंय तर." बरोबर.

नक्कल करणारा

सॉफ्टवेअरनं केलेल्या या नकलेला एम्युलेटर म्हणतात. तो नव्या मशीनवर चालणारा एक प्रोग्रॅम असतो आणि जुन्या गेमसमोर जुनं मशीन असल्याची बतावणी करतो. गेम जुन्या बोलीत हुकूम देतो, एम्युलेटर तो समजून घेतो, आपल्या मशीनच्या बोलीत आणतो, काम करून घेतो आणि उत्तर परत जुन्या बोलीत देतो. जुन्याचा एक हुकूम पाळायला नव्याला पाच-दहा हुकूम लागू शकतात. म्हणून नवं मशीन जुन्यापेक्षा थोडंसं बलवान असून चालत नाही, पुष्कळ पटींनी असावं लागतं. एक सवलत मात्र असते. पुन्हा पुन्हा येणारे हुकूम एकदाच भाषांतर करून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तेच वापरायचे. चांगले एम्युलेटर याच्यावरच वेळ वाचवतात.

भाषांतर किती बारीक असतं त्याचं एक उदाहरण आपल्या भाषेतच आहे. ४३ लिहिताना आपण आधी चार लिहितो, मग तीन. म्हणताना मात्र 'त्रेचाळीस' म्हणतो, तीन आधी आणि चाळीस नंतर. प्रोसेसरांतही असे दोन पंथ आहेत. पीएस थ्री आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० मोठा आकडा आधी ठेवतात. नंतरची, एएमडी कंपनीचे प्रोसेसर असलेली सगळी मशीन लहान आधी ठेवतात. म्हणजे मेमरीतून उचललेला जवळजवळ प्रत्येक आकडा आधी उलटा करून घ्यायचा, मग पुढचं काम.

आता पीएस थ्रीची सीडी पीएस फोरवर का चालत नाही, ते बघा. थ्रीच्या प्रोसेसरचं नाव सेल. त्यात एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली गेमला वापरायला सहा कामगार. प्रत्येक कामगाराचं स्वतःचं टेबल, पण एवढंसं, २५६ केबीचं. गोदामात जायची त्यांना मुभा नाही. कच्चा माल हातगाडीवरून टेबलावर मागवायचा, काम करायचं, तयार माल हातगाडीनंच परत पाठवायचा. आणि कुठली गाडी कधी निघेल हे गेम लिहिणाऱ्यानं ठरवायचं. एक गाडी रिकामी होत असताना दुसरी भरून दारात हवी. हे जमलं त्यांच्या हातून त्या काळाच्या मानानं विलक्षण गेम झाले, आणि ते याच घडीवर इतके घट्ट बसले की घडी मोडली तर गेम मोडतो.

२०१३ साली पीएस फोर आलं. त्यात आठ साधे एएमडी कोअर, म्हणजे हुकूम पाळणारे भाग, १.६ गिगाहर्ट्झचे. गेम लिहिणाऱ्यांचा जीव सुटला, कारण मशीन घरच्या कॉम्प्युटरसारखं होतं. पण सेलच्या सहा कामगारांची ती धावपळ अर्ध्या टिकटिकीच्या कोअरनं नक्कल करून दाखवावी, हे होण्यासारखं नव्हतं. थ्रीचा चिपच आत घालायचा तर पुन्हा खर्च. म्हणून सीडी तुटली. सोनीनं वाट काढली ती स्ट्रीमिंगची. गेम लांबच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे नुसतं चित्र येतं. २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसचे नवे प्लॅन आले, तेव्हा भारतात स्ट्रीमिंगविनाचा 'डीलक्स' प्लॅन मिळाला. त्यात पहिल्या प्लेस्टेशनचे आणि पीएस टूचे काही गेम उतरवून घेता येतात, थ्रीचे नाहीत. कोल्हापुरात बसलेल्या माणसाला थ्रीचा अस्सल गेम खेळायचा तर थ्रीच लागतं. (कॉम्प्युटरवर थ्रीचा एम्युलेटर आहे, आरपीसीएस थ्री नावाचा. अनेक वर्षांच्या मेहनतीनं तो आज पुष्कळ गेम चालवतो, पण त्याला तगडा प्रोसेसर लागतो.)

मायक्रोसॉफ्टनं हे कोडं दुसऱ्या बाजूनं सोडवलं, आणि माझ्या मते जास्त मनापासून. ३६० चा प्रोसेसरही वेगळ्या घराण्यातला होता. तरी २०१५ पासून त्याच्या पुढच्या एक्सबॉक्स वनवर ३६० चे गेम चालू लागले. जुनी सीडी घातली की मशीन ती वाचून गेम चालवत नाही, ती अस्सल आहे एवढंच तपासतं आणि त्या गेमची एम्युलेटरसह बांधलेली प्रत इंटरनेटवरून उतरवतं. सीडी म्हणजे फक्त किल्ली. असे ३६० चे सहाशेहून अधिक गेम एकेक तपासून त्यांनी चालते केले. यादीत नसलेला गेम मात्र चालत नाही. आणि आताच्या एक्सबॉक्समध्ये सीडीच घालायची तर ड्राइव्ह असलेलं सिरीज एक्स हवं, सिरीज एसला सीडी घालायची जागाच नाही.

फोरची सीडी फाइव्हवर चालते यात मात्र एवढं अवघड काही नाही. दोन्ही एकाच एएमडी घराण्यातली, बोली तीच. फाइव्हच्या ग्राफिक्समध्ये ३६ एकक आहेत, तेवढीच पीएस फोर प्रोमध्ये होती. गरज पडेल तिथं ते जुन्या वेगानं, जुन्या रीतीनं वागू शकतं. चार हजारांहून अधिक गेमपैकी ९९ टक्के चालतात असं सोनीनं २०२० मध्ये सांगितलं होतं. निन्टेन्डोच्या जून २०२५ मधल्या स्विच टूचं थोडं वेगळं आहे. जुन्या स्विचचा हार्डवेअर त्यात नाही, पण जुन्या गेमचे हुकूम खेळता खेळताच बदलून घेऊन ते बहुतेक गेम चालवतं.

मशीन तयार, परवानगी नाही

तांत्रिक गाठ सुटली तरी कागदाची गाठ उरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सत्तरहून अधिक जुने गेम एकदम यादीत घातले आणि यापुढे यादी वाढणार नाही असं सांगितलं. तांत्रिक अडचणींबरोबर त्यांनी परवान्यांचं आणि कायद्याचं कारण दिलं. गेममधली गाणी, गाड्यांची नावं, खेळाडूंचे चेहरे ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेले असतात. 'जीटीए फोर' या गेममधल्या रेडिओवरची बरीच गाणी २०१८ मध्ये करार संपल्यामुळे काढावी लागली. 'फोर्झा होरायझन फोर' हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतूनच गेला. ज्यांच्याकडे होता त्यांचा चालू राहिला, नव्यानं घेता मात्र येत नाही.

सर्व्हरवर जगणाऱ्या गेमचं तर अजून वाईट. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. पैसे मोजून घेतलेली सीडी हातात असूनही तो सुरू होईना. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मला ही मागणी पूर्ण न्याय्य वाटते. विकलेली वस्तू विकणाऱ्यानं लांबून बंद पाडावी, हे कुठल्याच धंद्यात बसत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं पाहणी केली. २०१० पूर्वी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. हा आकडा वाचला तेव्हा मला आपलं गावच आठवलं. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, मूकपट काढले. त्यातले किती आज बघायला मिळतात? फारच थोडे. त्या रिळांची किंमत कळेपर्यंत रिळंच उरली नाहीत.

घरातल्या गोष्टी

जुनं मशीन ठेवायचं ठरलं की त्याची निगा आली. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा दमट असते, सीडीवर आणि लेन्सवर बुरशी धरते. सीड्या डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मशीन महिन्यातून एकदा तरी चालू करा. पीएस थ्रीच्या चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप, वाळली की ते तापून बंद पडतं. ती वेळेत बदलून घ्यावी. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या मित्राचं कपाटाच्या खालच्या खणातलं पीएस टू गेलं, मेमरी कार्डासकट. तेव्हापासून माझं माळ्यावर आहे.

नव्या टीव्हीचीही अडचण असते. पीएस टूला एचडीएमआय नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा टीव्हीला नसेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातला कन्व्हर्टर बटण दाबणं आणि उडी मारणं यात जाणवेल इतका उशीर करतो. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा. लहानपणीच्या टीव्ही गेमची बदकं मारायची बंदूक मात्र विसराच. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदूक तो उजेड टिपायची. हे सगळं डबड्या टीव्हीच्या नेमक्या वेळेवर बेतलेलं होतं, सपाट टीव्ही ती वेळ पाळत नाही.

आणखी एक. भारतातला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. जपान-अमेरिकेत ६०. ६० साठी केलेले कितीतरी जुने गेम पालसाठी नीट जुळवलेच नव्हते, त्यामुळे पाच सेकंदांचं काम सहा सेकंदांत व्हायचं. लहानपणी जो गेम आपण खेळलो तो मुळात थोडा वेगवान होता. भाच्याला हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

शेवटी हिशेब असा झाला. फोर विकायला हरकत नाही, कारण त्याच्या सीड्या फाइव्हवर चालतील. पण फाइव्ह सीडी ड्राइव्हवालंच घ्यायचं, ड्राइव्ह नसलेलं डिजिटल घेतलं तर चौथी सीडीही फुकट. विकण्याआधी फोरवरचे सेव्ह पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर घ्यायचे. थ्री अजिबात विकायचं नाही. ताईच्या काळ्या सीडीला फोर-फाइव्हच्या ड्राइव्हचा काही उपयोग नाही, कारण ते साधी सीडी वाचतच नाहीत, फक्त डीव्हीडी आणि ब्लू-रे वाचतात. आणि माझ्या सीडीसाठी माळ्यावरचं पीएस टू आहेच.

भाच्यानं दुकानदाराला फोन करून थ्री देत नसल्याचं सांगितलं. भाव थोडा खाली आला, पण त्यानं मान्य केलं. थ्रीचा पंखा फार आवाज करतो, म्हणून पेस्ट बदलायला लक्ष्मीपुरीत टाकलंय. शनिवारी मिळेल. ताई रविवारी येणार आहे.